पालव्यावरचा घुमट

मांडव्याहून निघालेली लाँच मुंबईच्या बंदरात शिरली की अलिबागकर प्रवासी पिशव्या सावरायला लागतात. गेटवेची कमान अजून नीट दिसत नसते, पण तिच्या मागचा लालसर घुमट केव्हाच नजरेत भरलेला असतो. जमिनीपासून जवळपास २४० फूट उंच असलेल्या या घुमटाच्या खुणेवर बंदरात येणारी जहाजंही वर्षानुवर्षं आपली दिशा ठरवत आली. पहिल्यांदा मुंबईला येणाऱ्याला वाटतं, आधी गेटवे आणि मग त्याच्या शोभेला ताज. खरी गोष्ट उलटी आहे. ताजमहाल हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ रोजी आणि गेटवे ऑफ इंडियाचं उद्‌घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे पहिली एकवीस वर्षं या धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाचं स्वागत करायला कमान नव्हतीच. होता तो हा घुमट.

या जागेला जुने मुंबईकर पालवा म्हणत. कोणी म्हणतं, ‘पाल’ या गलबतावरून हे नाव पडलं. कोणी म्हणतं, पाला माशावरून. इंग्रजांच्या तोंडी पालव्याचं अपोलो झालं आणि कागदोपत्री अपोलो बंदर रूढ झालं. पण गलबतांचं हे बंदर श्रीमंत पाहुण्यांच्या मुक्कामाचं ठिकाण कसं झालं, हे समजून घ्यायचं तर पालव्यापासून पंधरा मिनिटं चालत काळ्या घोड्यापर्यंत जावं लागतं.

तिथे एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. एकेकाळी तिला वॉटसन्स हॉटेल म्हणत. जॉन वॉटसन हा कापडाचा व्यापारी. त्याने इंग्लंडमध्ये रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याकडून बिडाच्या सांगाड्याचा आराखडा करून घेतला, खांब-तुळया तिकडेच ओतून जहाजाने मुंबईला आणल्या आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस इथे जुळवल्या. सांगाडा बाहेरून उघडा दिसणारी अशी इमारत मुंबईने तोवर पाहिली नव्हती. १३० खोल्यांच्या या हॉटेलात १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन उतरला आणि खिडकीबाहेरच्या कावळ्यांवर त्याने पुढे भरभरून लिहिलं. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या माणसाने इथेच एक रुपया तिकिटावर हलती चित्रं दाखवली. प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, होते. या खेळाने झपाटून त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. भारतीय माणसाने चित्रपट बनवण्याची सुरुवात त्या कॅमेऱ्याने झाली, असं मानलं जातं. मराठी माणसाने या मोडकळीला आलेल्या इमारतीसमोर क्षणभर थांबावं, याला एवढं एक कारण पुरेसं आहे.

ताजची जी कथा मुंबईत घरोघर सांगितली जाते ती याच वॉटसन्सपासून सुरू होते. जमशेटजी टाटा तिथे गेले, ‘फक्त युरोपियनांसाठी’ असं सांगून त्यांना दारातून परत पाठवलं आणि त्या अपमानाला उत्तर म्हणून त्यांनी ताज बांधलं. कथा ऐकायला चांगली आहे. एका वाक्यात सांगता येते, शेवट गोड आहे, म्हणून ती टिकली. पण तिला त्या काळातला पुरावा मिळत नाही. गोऱ्यांच्या हॉटेलांत हिंदी माणसाला दुय्यम वागवलं जाई, हे खरं. तरीही पाच वर्षं एवढा पैसा ओतून समुद्रकाठी महाल उभा करायला एका दारवानाचा उद्धटपणा हे फार लहान कारण आहे. खरं कारण मोठं होतं आणि भयंकरही होतं.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. माणसं गाठोडी बांधून कोकणात, देशावर, गुजरातेत निघून गेली. गिरण्यांना हात मिळेनात, परदेशी बंदरांत मुंबईहून आलेल्या जहाजांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. हे शहर आता संपलं, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्याच काळात, १८९८ मध्ये, जमशेटजींनी पालव्याच्या भराव टाकलेल्या जमिनीचा तुकडा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतला. लोक शहर सोडून पळत असताना या माणसाने बाहेरच्यांना इथे मुक्कामाला बोलावण्याची तयारी चालवली होती. हॉटेलाच्या मालकीत त्यांना स्वतःला फारसा रस नव्हता. लोकांनी हिंदुस्थानात यावं आणि मुंबईची पत सावरावी, एवढंच त्यांना हवं होतं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. वॉटसन्सच्या कथेपेक्षा ही हकीगत कितीतरी जास्त सांगण्यासारखी आहे.

घरच्यांनाही हे पटलं नव्हतं. बंगळूरला विज्ञानसंस्था, पोलादाचा कारखाना, पाण्यावर वीज अशी मोठी स्वप्नं बोलून दाखवणारा भाऊ आता भटारखाना काढणार, म्हणून बहिणीने त्यांना टोकलं, अशी आठवण टाटांच्या चरित्रात येते. पण नियतीचा हिशेब असा की पोलाद कंपनीची स्थापना १९०७ ची, विज्ञानसंस्था १९०९ ची, जलविद्युत कंपनी १९१० ची. १९ मे १९०४ ला जर्मनीतल्या बाड नाउहाइमला जमशेटजी वारले तेव्हा त्यांच्या चार मोठ्या स्वप्नांपैकी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पुरं झालेलं पाहिलं ते एकच. तो ‘भटारखाना’.

ताजच्या आराखड्यावर पहिलं नाव एका मराठी माणसाचं आहे, हे फार कमी मराठी वाचकांना माहीत असतं. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे ते अभियंते. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या बांधकामात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या हाताखाली त्यांनी काम केलं होतं. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते. काम पुरं होण्याआधीच वैद्यांचं निधन झालं आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने ते शेवटास नेलं. बांधकामाचा ठेका खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचा. मराठी अभियंता, पारशी ठेकेदार, शेवटचा हात इंग्रजाचा. त्या वेळची मुंबई अशीच मिळून-मिसळून काम करत होती.

वैद्यांच्या मागे एक दंतकथाही लागली. इमारत चुकून उलटी बांधली गेली, पुढची बाजू मागे झाली आणि ते पाहून वास्तुविशारदाने जीव दिला, अशी ती कथा. गाइड लोक पर्यटकांना आजही ती रंगवून सांगतात. ती निखालस खोटी आहे आणि एका कसबी माणसावर अन्याय करणारीही आहे. मूळ दरवाजा शहराच्या बाजूला होता, तोही ठरवून. इंग्रजी यू अक्षरासारख्या या इमारतीचे दोन हात शहराकडे उघडतात. घोडागाड्या त्या अंगणात येऊन थांबत. समुद्राची बाजू राखली होती ती पाहुण्यांच्या खोल्यांसाठी. ज्या जागी तेव्हा त्या गाड्या वळत, तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. पुढे दरवाजा समुद्राकडे आला आणि जुनी पुढची बाजू आपोआप मागची झाली. चूक कोणाचीच नव्हती.

हॉटेल उघडलं त्या दिवशी पाहुणे होते सतरा. पंखा आणि खोलीला जोडलेली न्हाणी असेल तर भाडं दिवसाला तेरा रुपये, जेवणखाणासह वीस. गिरणीतला साधा कामगार तेव्हा महिनाभर राबून जवळपास तेवढंच कमवायचा, हे लक्षात घेतलं की तेरा रुपयांचं वजन कळतं. मग त्या सतरा जणांनी ते का मोजले? त्या काळच्या मुंबईत रात्र म्हणजे गॅसचे आणि रॉकेलचे दिवे, उकाडा म्हणजे पंखा ओढणारा नोकर. ताजमध्ये विजेचे दिवे होते. पंखे अमेरिकेहून आले होते, लिफ्ट जर्मनीहून. तुर्की पद्धतीच्या न्हाण्या होत्या, बर्फ आणि सोडा तयार करण्याची यंत्रं होती, यंत्रावर चालणारी धुलाई होती, पोस्ट होतं, औषधांचं दुकान होतं. यासाठी जमशेटजी स्वतः युरोपभर फिरले. ड्युसेलडॉर्फ, पॅरिस, बर्लिन अशा ठिकाणी त्यांनी यंत्रं पाहिली, खरेदी केली. बॉलरूमचे लोखंडी खांब पॅरिसहून आणले. साठी ओलांडलेला, गिरण्या उभारलेला हा माणूस धुलाईची यंत्रं निरखत प्रदर्शनांतून हिंडत होता. हॉटेलाचा धंदा मोठेपणावर चालत नाही, स्वच्छ चादरीवर आणि थंड पाण्यावर चालतो, हे त्याने ओळखलं होतं.

आणि दार सगळ्यांना उघडं होतं. तेरा रुपये मोजू शकणाऱ्या हिंदी माणसाला इथे मागच्या दाराने यावं लागत नव्हतं.

पहिल्या महायुद्धात ताजचं रूपांतर सहाशे खाटांच्या इस्पितळात झालं. पाहुण्यांच्या खोल्यांतून जखमी सैनिक झोपू लागले. युद्ध संपलं, गेटवे उभा राहिला आणि पालव्याचा धक्का साम्राज्याचा उंबरठा बनला. बोटीने आलेला साहेब पहिली रात्र इथे काढी, तशीच मायदेशी परतण्याआधीची शेवटची रात्रही. पण ताज केवळ साहेबांचं राहिलं नाही. संस्थानिक लवाजम्यासह उतरत. सरोजिनी नायडूंचा मुंबईतला मुक्काम वर्षानुवर्षं इथे असे आणि राजकारणातली माणसं त्यांना भेटायला ये-जा करीत. जिनांपासून दुरावलेल्या त्यांच्या पत्नी रत्तीबाईंनीही आयुष्याच्या शेवटच्या काळात याच हॉटेलात खोल्या घेतल्या होत्या. घर असूनही घर नसलेल्या बाईला मुंबईत सन्मानाने राहता येईल अशा जागा त्या काळी किती असतील?

१९३० च्या दशकात ताजला राहायला येण्याचं एक नवंच कारण तयार झालं. ते होतं बॉलरूममधलं संगीत. १९३५ मध्ये लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन इथे आला आणि मुंबईने अस्सल जॅझ ऐकला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. स्वतःच्या देशात गोऱ्यांच्या हॉटेलात खोली न मिळणारे हे कलावंत मुंबईच्या सर्वांत मानाच्या व्यासपीठावर उभे होते. त्यांचं वादन कान देऊन ऐकणारे होते गोव्याचे पोरगे. धोबी तलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकीने चालवलेल्या सामायिक खोल्यांत, बारदेश-सासष्टीहून आलेले वादक राहत. चर्चमध्ये आणि पॅरिशच्या शाळेत ते नोटेशन वाचायला शिकलेले. जॅझची लय मात्र त्यांनी या अमेरिकी मंडळींकडून उचलली. मिकी कोरियांचा बँड १९३९ पासून पुढे वीस वर्षं ताजमध्ये वाजत राहिला.

त्यांच्यातलाच एक हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. तुतारीसारखा खणखणीत ट्रम्पेट वाजवणारा हा वादक चिक चॉकलेट या नावाने ओळखला जाई आणि ताजच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्याचा बँड असे. पुढे सी. रामचंद्रांनी, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, त्याला आपल्याकडे ओढलं. १९५१ मध्ये भगवानदादांचा ‘अलबेला’ आला, त्यात चिक चॉकलेट आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. भगवानदादा गिरणगावातून वर आलेले. लालबाग-परळच्या गणपतीत ‘अलबेला’च्या गाण्यांवर ज्या पिढ्या नाचल्या, त्यांतल्या बहुतेकांनी ताजचा उंबरठा कधी ओलांडला नाही. पण पालव्यावरच्या त्या हॉटेलांतला ट्रम्पेट रेकॉर्डवरून, लाउडस्पीकरवरून त्यांच्या चाळीपर्यंत येऊन पोचला होता. मुंबईत गोष्टी अशाच झिरपत खाली येतात.

स्वयंपाकघराचं श्रेयही गोव्याकडे जातं. मिगेल आर्कांजो मास्करेन्हास, सगळ्यांचे ‘मास्की’, हे ताजच्या मुदपाकखान्याचे प्रमुख होते आणि पुढच्या पिढ्यांतले मोठमोठे शेफ त्यांचं नाव आजही आदराने घेतात. पण पुढे काळ बदलला. दारूबंदीने मुंबईतल्या नाचगाण्याच्या रात्री मंदावल्या, बोटींची जागा विमानांनी घेतली आणि पालवा हा शहराचा दरवाजा राहिला नाही. इथे ताज मागे पडू शकलं असतं. वॉटसन्स पडलंच होतं. तिथल्या खोल्यांतून केव्हाच ऑफिसं आणि बिऱ्हाडं थाटली गेली होती.

ताज टिकलं यामागे ते चालवणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अजित केरकर हे नाव आहे. ग्रीन्सच्या जागी १९७३ मध्ये ताजचा नवा टॉवर उभा राहिला. गोल्डन ड्रॅगन हे चिनी रेस्टॉरंटही त्याच वर्षीचं. मुंबईला सेझवान चव लागली ती इथून, आणि आज नाक्यानाक्यावरच्या गाडीवर सेझवान डोसा मिळतो. केरकरांच्या काळात कंपनीने गोव्यात आग्वादच्या किल्ल्याजवळ १९७४ मध्ये रिसॉर्ट काढलं. गोव्याच्या किनाऱ्यावर बडी हॉटेलं येण्याची ती सुरुवात होती. एका इमारतीपुरतं असलेलं हॉटेल देशभर पसरलं.

या सगळ्या काळात पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजने मात्र आपला एक वेगळाच धर्म पाळला. समुद्राकडच्या खिडक्यांशी चहा, शेवपुरी आणि दोन कुटुंबं. आपल्याकडे मुलगी दाखवायला कांदेपोहे लागतात. मुंबईतल्या पैसेवाल्या घरांत कित्येक पिढ्या ही पहिली भेट सी लाउंजच्या टेबलावर झाली. मुलगा-मुलगी खिडकीबाहेरच्या बोटींकडे बघत राहतात आणि वडीलधारी मंडळी गावांची, नात्यांची उजळणी करत बसतात. कित्येक संसारांची पहिली ओळख त्या खिडक्यांनी पाहिली आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच इमारतीत दहशतवाद्यांच्या गोळ्या सुटल्या. २९ तारखेच्या सकाळपर्यंत घुमटाखालून निघणारा धूर सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत होता. ताजमध्ये ३१ माणसं गेली. पोलीस उपायुक्त विश्वास नांगरे पाटील मोजक्या शिपायांसह पहिल्या काही तासांतच आत शिरले. त्या रात्री राज्य राखीव पोलीस दलाचे सोलापूर जिल्ह्यातले तरुण जवान राहुल शिंदे इथे धारातीर्थी पडले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णनही इथेच. त्यांच्याइतकंच मोठं काम केलं ते वाढप्यांनी, टेलिफोन ऑपरेटरांनी, स्वयंपाक्यांनी. मागचे जिने, मुदपाकखान्याच्या वाटा त्यांना पाठ होत्या. त्यांनी पाहुण्यांना त्या वाटांनी बाहेर काढलं. काही जण पाहुणे आणि बंदुका यांच्या मधे उभे राहिले. पळून जायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

ते का थांबले, हा प्रश्न हार्वर्डच्या अभ्यासकांनाही पडला. रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांना आढळलं ते असं, की ताज आपली माणसं शक्यतो महानगरांतून घेत नाही. मुंबईऐवजी पुण्यातून, दिल्लीऐवजी चंडीगढ-डेहराडूनमधून घेतं. इतर हॉटेलं नव्या माणसाला वर्षभर शिकवतात, ताज दीड वर्ष. साहेबांना काय वाटेल यापेक्षा पाहुण्याचं हित आधी बघायचं, हे त्या दीड वर्षात अंगी बाणवलं जातं. पण शिकवण काही झालं तरी शिकवणच. तिच्याखाली घरातून आलेलं काहीतरी असावं लागतं. दारात आलेल्याला आधी पाणी विचारायचं, हे या पोरांना कुठल्याही वर्गात शिकवावं लागलं नसणार.

टॉवर २१ डिसेंबर २००८ ला पुन्हा उघडला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत-बाहेर. जुना महाल दुरुस्त व्हायला दीड वर्षाहून अधिक काळ गेला. तो उघडला १५ ऑगस्ट २०१० रोजी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बराक ओबामा भारतात आले तेव्हा ते पहिला मुक्काम कुठे करतात याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. ते ताजमध्ये उतरले आणि इथेच उभे राहून बोलले. तेरा रुपयांत पंखा मिळतो म्हणून जिथे लोक उतरत, तिथे आता ‘आम्ही घाबरलो नाही’ हे सांगण्यासाठी लोक उतरू लागले होते. प्लेगच्या दिवसांत पालव्याची जमीन घेणाऱ्या माणसाला हे कारण चटकन समजलं असतं.

२०१७ मध्ये या इमारतीच्या बाह्यरूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. असा मान मिळालेली ही देशातली पहिली वास्तू. वॉटसन्सची गोष्ट दुसऱ्या टोकाला गेली. तिचा सज्जा २००५ मध्ये कोसळला, जागतिक स्मारक निधीने धोक्यातल्या शंभर स्थळांत तिचं नाव घातलं आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. सावेदादांनी जिथे पहिला चित्रपट पाहिला ती जागा वाचवण्यासाठी मुंबईने ताजवर केलं त्याच्या शतांश प्रेमही केलेलं नाही, याची खंत वाटते.

ताजमध्ये शिरणारा आज टॉवरकडून शिरतो आणि जुन्या महालाकडे चालत जातो. दुकानांच्या रांगा संपल्या की एकदम उंची मोकळी होते. समोर सोराबजी कॉन्ट्रॅक्टरांचा जिना, त्याच्या पायथ्याशी जमशेटजींचा अर्धपुतळा. जिना दोन्ही बाजूंनी चढत मजल्यामजल्यावर एकत्र येतो, पुन्हा फुटतो. मान वर करून पाहिलं की कठड्यांच्या जाळीदार चौकटी एकात एक लहान होत घुमटापर्यंत जाताना दिसतात. आधाराला मधे एकही खांब नाही. भिंतीत रोवलेल्या टोकांवरच सगळा भार तोललेला आहे. २००८ च्या आगीत वरचे मजले जळाले, जिना उभा राहिला. त्याच पायऱ्यांवरून रोज सकाळी कोणीतरी ओलं फडकं घेऊन खाली उतरतं आणि पितळी दांड्या एकेक करून पुसतं.